हायड्रोजनवर चालणारी कार नेमकी असते कशी? आणि ती आपल्या दारात का येत नाहीये?

मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी एका वेगळ्याच गाडीतून संसदेत आले होते. टोयोटा मिराई. पेट्रोल नाही, डिझेल नाही, चार्जिंगची वायरही नाही. टाकीत हायड्रोजन भरायचा आणि मागच्या नळीतून बाहेर पडणार फक्त पाणी. ते व्हिडिओ भरपूर फिरले. आजही असा एखादा रील आला की खाली कमेंट दिसतेच, “मग ईव्ही कशाला घ्यायची? हायड्रोजनसाठी थांबू की!”

थांबायचं का, हे ठरवण्याआधी ही गाडी चालते कशी ते बघू.

हायड्रोजन जळतो का?

नाही. मिराईत इंजिनच नाही. तिच्यात फ्यूएल सेल असतो. टाकीतला हायड्रोजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन तिथे एकत्र येतात, त्यातून वीज तयार होते आणि पाणी उरतं. त्या विजेवर मोटर फिरते. म्हणजे ही इलेक्ट्रिक गाडीच, फक्त आपली वीज स्वतः तयार करणारी.

टाकीत मावतो जेमतेम साडेपाच किलो हायड्रोजन. पण तो भरायला पाचेक मिनिटं लागतात आणि गाडी सहाशे किलोमीटरच्या पुढे जाते. ईव्हीवाल्यांना हेवा वाटावा असंच हे आहे.

मग घोडं अडलं कुठे?

पंपावर. आपल्याकडे सीएनजी साधारण २०० बार दाबाने भरतात. हायड्रोजन कारसाठी लागतो ७०० बार. असा पंप उभारणं महाग, चालवणं त्याहून कटकटीचं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने हा प्रयोग सगळ्यात मनापासून केला. सरकारने पंपांना पैसे दिले, टोयोटाने मिराईसोबत १५ हजार डॉलरपर्यंतचं इंधन मोफत दिलं. तरी पंप मोजकेच राहिले आणि तेही सारखे बंद पडायचे. पुढे हायड्रोजनचा भाव किलोला ३६ डॉलरपर्यंत गेला, म्हणजे टाकी फुल करायला २०० डॉलर. मोफत इंधनाचं कार्ड संपलेल्यांचे तेव्हा डोळे उघडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीने तिथले आपले कारसाठीचे पंप कायमचे बंद केले. गाडी उत्तम, पण भरायची कुठे?

विजेचं गणित

एक किलो हायड्रोजन पाण्यापासून बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबून भरायला आणखी काही. एवढ्यात मिराई जाते शंभर-सव्वाशे किलोमीटर. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर साधी ईव्ही तीनशेच्या पुढे जाते. मधल्या प्रत्येक टप्प्यावर वीज गळते आणि हे नुकसान पूर्ण भरून निघेल असं तंत्र अजून तरी नाही.

नैसर्गिक वायूपासून बनवला तर हायड्रोजन स्वस्त पडतो. पण मग धूर गाडीच्या मागून नाही, कारखान्यातून निघतो, एवढाच फरक. जगातला बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतो, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही.

भारतात काय चाललंय?

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्यात वाहनांच्या चाचण्यांचा भर बस आणि ट्रकवर आहे. ते बरोबरही वाटतं. बस रात्री डेपोतच परतते, त्यामुळे एका पंपावर अख्खा ताफा भागतो. लांबच्या ट्रकला मोठी बॅटरी म्हणजे उगाच टनावारी ओझं. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मिळून बनवलेली फ्यूएल सेल बस दाखवली गेली, तीही याच वाटेवरची.

कारचं म्हणाल, तर गाडी यंदा लागणार असेल तर निवड पेट्रोल, सीएनजी आणि ईव्ही यांच्यातूनच करावी लागेल. शोरूममध्ये जाऊन बुक करता येईल अशी हायड्रोजन कार भारतात अजून आलेली नाही.