विमान कोणाचे?

रात्रीच्या वेळी गडाच्या दरवाजाशी कोणी आले, की पहारेकरी आधी पुकारा करी आणि मग परवलीचा शब्द मागे. कोणीतरी आले आहे, एवढे कळून पहारा पुरा होत नाही. आलेला आपला की परका, हे कळावे लागते. विसाव्या शतकात हाच प्रश्न आकाशात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना माणसाला फार मोठी किंमत द्यावी लागली.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी इंग्लंडमधील डॅव्हेंट्रीजवळ एक प्रयोग केला. तेथील नभोवाणी-केंद्राच्या लहरींमधून एक विमान नेण्यात आले, आणि विमानावर आपटून परतलेल्या लहरींनी सुमारे ८ मैलांवरून त्याची वर्दी दिली. रडार हे नभोवाणीचेच अपत्य म्हणावयास हरकत नाही. मात्र रडारच्या पडद्यावर उमटणारी रेघ 'विमान आहे' एवढेच सांगे. ते कोणाचे, हे सांगत नसे.

याचा प्रत्यय युद्ध पेटताच आला. ६ सप्टेंबर १९३९ रोजी शत्रू आल्याची खोटी वर्दी मिळाली व ब्रिटिश विमाने वर चढली. या विमानांचीच नोंद शत्रू म्हणून झाली, आणि त्यांच्या पाठलागासाठी आणखी विमाने धाडण्यात आली. ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी दोन ब्रिटिश हरिकेन विमाने पाडली व एक तरुण वैमानिक मरण पावला. त्या वेळी तेथील आकाशात एकही जर्मन विमान नव्हते.

त्यानंतर विमानात परवलीचे यंत्र बसविण्याच्या कामास वेग आला. रडारची लहर येऊन पोहोचली, की हे यंत्र ठरलेला जबाब देई. तथापि ७ डिसेंबर १९४१ रोजी हवाई बेटांवरील ओपाना येथे उलटाच प्रकार घडला. दोन सैनिकांना रडारवर विमानांचा मोठा समूह दिसला. परंतु अमेरिकेची स्वतःची विमाने येणार होतीच, म्हणून अधिकाऱ्याने काळजी करू नका असे सांगितले. तासाभरात पर्ल हार्बरवर जपानी बाँब कोसळले. इंग्लंडात आपल्यांना परके मानले गेले होते. येथे परके आपले मानले गेले.

शिवाय परवलीच्या यंत्रात एक मूलभूत उणीव राहतेच. जबाब आला नाही, तर समोरचा शत्रू असेल, तटस्थ असेल, किंवा आपल्याच माणसाचे यंत्र बिघडलेले असेल. म्हणून न विचारता ओळखण्याची विद्या शोधावी लागली. घरातले माणूस अंधारातही पावलांच्या आवाजावरून ओळखू येते, तसाच हा प्रकार आहे. जेट इंजिनाच्या तोंडाशी पाती वेगाने फिरत असतात. त्यांवरून परतणाऱ्या लहरींच्या कंपनसंख्येत बारीक फरक पडतात. पात्यांची संख्या व फिरण्याची गती यांनुसार हे फरक ठरतात, आणि संग्रही असलेल्या नोंदींशी ताडून पाहता विमानाची जात कळू शकते. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या एफ-१५ विमानांनी या विद्येचा उपयोग केला. पण पाती दृष्टीस पडतील अशा कोनातूनच ती साधते. शिवाय एकाच जातीची विमाने दोन्ही पक्षांकडे असली, तर जात कळूनही मालक कळत नाही.

आणि ओळख हाती आली, तरी ती वाचणारा माणूसच असतो. ३ जुलै १९८८ रोजी इराणचे एक प्रवासी विमान आखातावरून दुबईकडे निघाले होते. ते वर चढत होते व नागरी विमानाचा जबाब देत होते. 'व्हिन्सेन्स' या अमेरिकन युद्धनौकेवर मात्र ते खाली झेपावणारे लढाऊ विमान समजले गेले. क्षेपणास्त्रांनी २९० माणसे मारली. त्यांत ६६ मुले होती, काही भारतीय प्रवासीही होते. नौकेवरील यंत्रांनी त्याची उंची बरोबर नोंदविली होती, हे पुढे चौकशीत दिसून आले. नौका त्याच वेळी इराणी बोटींशी लढत होती, आणि निर्णयाला अवघी काही मिनिटे होती.

हवाई पहाऱ्याच्या दप्तरात 'अज्ञात' असा एक शेरा असतो. प्रशासनात वावरणाऱ्या कोणालाही असा अनिर्णित कागद फार काळ समोर नको असतो. त्यावर काहीतरी निकाल लिहून तो हातावेगळा करावा, असे वाटते. पण 'अज्ञात' म्हणजे 'शत्रू' नव्हे आणि 'मित्र'ही नव्हे; चौकशी अजून पुरी व्हावयाची आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती पुरी होईपर्यंत धीर धरणे हे पहारेकऱ्याचेच काम आहे, आणि ते कोणत्याही यंत्रावर सोपविता येणारे नाही.