संगणकाने आठवण कशी ठेवली?

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात जात प्रमाणपत्राच्या पडताळणीचा अर्ज निघाला, की आजोबांच्या शाळेची शोधाशोध सुरू होते. हा भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता तेव्हाची, म्हणजे १९५० च्या आधीची, जनरल रजिस्टरमधली एक ओळ मिळाली तर काम पुष्कळ सोपे होते. स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये म्हटले आहे. कागद आणि शाई एवढ्या साधनांवर ती ओळ टिकली. संगणकाने हेच काम कसकसे केले, ते पाहू.

सुरुवात मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी एक संगणक बांधला. तो १९६० मध्ये रीतसर कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याला माहिती पुरवायची ती भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोक आहे की नाही, एवढेच यंत्राला कळले की पुरे.

पण गणित चालू असताना मधले आकडे ठेवायचे कुठे? त्यासाठी होत्या फेराइटच्या बारीक कड्या. फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेले, चिनी मातीसारखे ठिसूळ चुंबकीय द्रव्य. प्रत्येक कडीतून तारा ओवलेल्या असत. तारेतून वीज सोडली की कडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने किंवा उलट दिशेने चुंबकित होते. एक दिशा म्हणजे ०, दुसरी म्हणजे १. वीज बंद केली तरी दिशा बदलत नाही.

खरी युक्ती पुढे आहे. हजारो कड्यांपैकी नेमकी एकच कशी निवडायची? कड्या जाळीसारख्या मांडलेल्या, आडव्या ओळीची एक तार, उभ्या रांगेची एक तार. दोन्हींतून निम्मा-निम्मा प्रवाह सोडायचा. निम्म्या प्रवाहाने कडी ढिम्म हलत नाही. जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथेच पुरा प्रवाह मिळतो आणि तीच कडी फिरते. वर्गात मुलांना रांगांत बसवून हा खेळ घेता येईल : ओळीची आणि रांगेची अशा दोन्ही हाका ज्याला लागू पडतील, त्यानेच उभे राहायचे.

वाचायची रीत तर फारच गमतीची. कडीला ० कडे ढकलायचे. ती आधीच ० असेल तर काही घडत नाही. १ असेल तर ती उलटते आणि वाचनाच्या तारेत विजेचा छोटा झटका उमटतो. उत्तर कळले, पण नोंद पुसली गेली! म्हणून वाचून झाल्यावर ती लगेच पुन्हा लिहावी लागे.

टिफ्रॅकच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार करून पाहा : ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाईट. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाईट लागतात. तेव्हा तुम्ही वाचत असलेला हा लेख त्या अख्ख्या स्मृतीत मावला नसता.

तिकडे अमेरिकेत १९५६ मध्ये आयबीएमने 'रॅमॅक' बाजारात आणला होता. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चुंबकीय तबकड्या एका आसाभोवती फिरत आणि ५० लाख अक्षरे सांभाळत. आजची हार्ड डिस्क त्याच घराण्यातली आहे. १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आली. पुढे ती आकाराने लहान आणि साठ्याने मोठी होत गेली. साडेतीन इंची फ्लॉपी अनेकांनी शाळेच्या कार्यालयात हाताळली असेल. तिच्यावर १४,७४,५६० बाईट मावत, म्हणजे बरोबर १४४ टिफ्रॅक.

आज मोबाईलमधल्या कार्डात काहीच फिरत नाही. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश स्मृतीत विद्युतरोधक भिंतींच्या आत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतात. कोंडलेले असले तर ०, नसले तर १. ३२ अब्ज बाईटचे, नखाएवढे कार्ड म्हणजे ३१ लाख २५ हजार टिफ्रॅक. मात्र भिंतीतून इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात, त्यामुळे वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या कार्डावर विसंबणे धोक्याचे.

आपल्या भाषेची अडचण आणखी निराळी. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरले, तरी छपाईच्या धंद्यात प्रत्येक कंपनीचा फाँट आपापल्या संकेताने चाले. त्या काळातली फाईल आज उघडली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. बाईट सगळे शाबूत आहेत, पण कोणता आकडा कोणत्या अक्षराचा, ती किल्ली हरवली. फ्लॉपीचे तर वाचणारे यंत्रच दुर्मिळ झाले. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली.

याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. माणसामागे बारा अंक, दहा बोटांचे ठसे, दोन बुबुळे आणि एक छायाचित्र. ही माहिती गावात राहत नाही, दूरच्या माहिती केंद्रांतल्या यंत्रांत राहते. तिथल्या तबकड्या काही वर्षांत थकतात. तशी वेळ येण्याआधी त्यांवरचे सगळे नव्या यंत्रांवर उतरवून घ्यावे लागते, आणि ही उतरवणी मग थांबवता येत नाही. आजोबांची नोंद मात्र अजून त्याच रजिस्टरात आहे. पाने पिवळी पडलीत, कडा झिजल्यात. गुरुजी कपाट उघडतात, बोट फिरवत नाव शोधतात आणि उतारा लिहून देतात.