पाणचक्की आणि मलिक अंबराचें पाणी

आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, खाम नदीच्या काठीं, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत एक जातें आहे. त्याला बैल लागत नसे आणि माणसाचा हातहि लागत नसे. डोंगराकडील झऱ्याचें पाणी मातीच्या बंद नळांतून जमिनीखालून येई, आपल्याच दाबानें उंच भिंतीवर चढे आणि तेथून खालीं कोसळे. त्या धारेनें लोखंडी पात्यांचें चक्र फिरे व त्यासरशी जात्याची वरची तळी. दर्ग्यांतील शिष्य, फकीर व यात्रेकरू यांचें पीठ येथें दळलें जाई.

परंतु पाणी खेळविण्याची ही विद्या या गांवांत रुजली ती युद्धाच्या धामधुमींत. 1610 सालीं मलिक अंबरानें येथें खडकी वसविली. हबसाणांत जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ता वजीर झाला होता. मोगलांच्या अफाट फौजेशीं उघड्या मैदानांत झुंजण्याचें तो शक्यतों टाळी. मराठी घोडेस्वार हाताशीं धरून रसद मारी, रात्रीं छापे घाली. त्यानेंच खडकीसाठीं ‘नहर-ए-अंबरी’ बांधली. 1616 सालीं रोशनगांवच्या लढाईंत तो हरला आणि मोगलांनीं खडकी जाळली. माणूस मात्र खचला नाहीं.

1624 सालीं अहमदनगरजवळ भातवडीला मोगल व आदिलशाही फौजा एक झाल्या. अंबरानें तेथील तलावाचा बांध फोडला. आधींच पावसाचे दिवस. त्यांत हें पाणी! शत्रूचीं जनावरें चिखलांत रुतलीं, छावणींत अन्नाचा तुटवडा पडला, आणि मग अंबरानें हल्ला चढविला. सिंदखेडचे लखुजी जाधव मोगलांकडे होते, तर त्यांचे जांवई शहाजीराजे अंबराकडे. शहाजींचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. लष्करखान कैद झाला. नळांतून पाणी गांवाला पाजणाऱ्या वजिरानें पाण्याचेंच हत्यार केलें, ही गोष्ट लढाईच्या वर्णनांत फार थोडक्यांत उरकली जाते.

अंबर 1626 सालीं वारला. पाणचक्की त्याची नव्हे; ती तुर्कताजखानानें उभारली, आणि तिचें साल बहुधा 1744 असें देतात. तिचा नळहि वेगळा. पुढें जमील बेगखानानें लांबट हौद व कारंजीं यांची भर घातली. त्या हौदाखालीं प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेंच त्याचें छत.