सहाची बातमी साडेअकराला

दोन वर्षांपूर्वी आमच्या छोट्या न्यूज पोर्टलवरून सकाळी सहाला एक बातमी जायची होती: बोईसरच्या काही भागांत नऊपासून पाणी बंद. ती गेली साडेअकराला. तोपर्यंत नळ कोरडे. लोकांनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एका आजींचं मात्र लक्षात राहिलं: "सकाळी सांगितलं असतंस तर दोन हंडे भरून ठेवले असते रे बाबा."

चूक माझीच. सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं आणि मी 'सहा' लिहिले ते आपले. फरक साडेपाच तासांचा.

ठरलेल्या वेळी ठरलेलं काम आपोआप करवून घेण्याच्या या सोयीचं नाव क्रॉन. यूनिक्सवाल्या केन थॉम्प्सन यांनी ती लिहिली. नाव काळासाठीच्या ग्रीक शब्दावरून. १९७९ च्या सातव्या यूनिक्समधला क्रॉन अगदी साधा होता. दर मिनिटाला जागं व्हायचं, एक फाइल वाचायची, या मिनिटाचं काम असेल तर करायचं, नसेल तर परत झोपायचं. आपल्या वॉचमनसारखंच, फक्त डुलकी ठरलेली! फाइलच्या प्रत्येक ओळीत पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. चांदणी असली की 'कोणतंही चालेल'. म्हणजे '० ६ * * *' म्हटलं की रोज सहाला. पण कुणाचे सहा, हे लिहायला त्या पाचांत जागा नाही.

'कुणाचे सहा' हे भांडण आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीचं. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. गिरणीचं घड्याळ पुढे गेलं, पण सूर्य होता तिथेच. म्हणजे कामगाराला ३९ मिनिटं आधी, अंधारातच, फाटकाशी हजर राहायचं. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी याविरुद्ध निदर्शनं केली. महापालिकेने तर मुंबईची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही.

आमच्या भागात १९६९ ला तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी भरत गेली आणि घरोघरी शिफ्टचं वेळापत्रक आलं. लहानपणी एका कारखान्याच्या भोंग्यावर आई कुकर लावायची. एखाद्या दिवशी तो वाजला नाही की अख्खी आळी विचारायची, आज काय झालं? क्रॉनचं तसं नाही. ठरलेल्या मिनिटाला मशीन बंद असेल तर ते काम राहतं, आणि नंतर सुरू झाल्यावर साधा क्रॉन ते भरून काढत नाही. काम चाललं आणि काही बिघडलं तर तो मालकाला मेल टाकतो खरा. पण ती पेटी उघडतो कोण? मी तरी उघडत नव्हतो.

आता आपल्या कामाचं. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजमाप यंत्रं बसवायला सांगितलं. धुराड्याचे, सांडपाण्याचे आकडे थेट सर्व्हरवर, दर १५ मिनिटांनी. ते क्रॉन पाठवो की दुसरं सॉफ्टवेअर, पद्धत तीच. आणि २०१८ च्या देशव्यापी प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी पहिलं होतं, हे विसरू नका.

वर्षात असे ३५,०४० पाव तास येतात. आकडा जास्त आला तर निदान दिसतो तरी. रात्री अडीचला आकडाच आला नाही, तर तो खाना रिकामा राहतो, आणि रिकाम्या खान्याला वास येत नाही. वास आपल्याला येतो, खिडकीतून.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकतोय: गेल्या वर्षी तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांचे किती पाव तास रिकामे गेले, त्यातले रात्रीचे किती, आणि प्रत्येक वेळी कुणी विचारणा केली का. उत्तर आलं की इथेच टाकेन. वेळ मात्र हातानेच बघून. पोर्टलवर आता '३० ० * * *' लिहिलंय, म्हणजे आपले सहा.