शब्दवेध : डिसल्फोव्हिब्रिओ

खाडीचा काळा गाळ ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. आपण ऑक्सिजनवर श्वास घेतो, गाळातले काही जिवाणू सल्फेटवर घेतात आणि हा वायू सोडतात. १८९५ मध्ये डेल्फ्टच्या बायेरिंक यांनी असा जिवाणू शोधला. नाव दिले ‘स्पिरिलम डिसल्फ्युरिकन्स’. १९३६ मध्ये क्लायव्हर आणि व्हान नील यांनी त्याच्यासाठी ‘डिसल्फोव्हिब्रिओ’ ही प्रजाती मांडली. ‘व्हिब्रिओ’ लॅटिन ‘थरथरणे’वरून आला, हा वाकडा जिवाणू शेपटी हलवत पळतो. यांच्यातल्या बीजाणू धरणाऱ्यांना कॅम्पबेल आणि पोस्टगेट यांनी १९६५ मध्ये वेगळे नाव दिले, ‘डिसल्फोटोमॅक्युलम’. टोमॅक्युलम म्हणजे सॉसेज! मला हे नाव फार आवडते. वाचताच आकार दिसतो. मात्र ‘डिसल्फो’ हे सल्फेटवर जगण्याच्या धंद्याचे नाव आहे, कुळाचे नव्हे: जनुकांवरून हे दोघे अगदी दूरचे ठरले.