नवी तबकडी, जुनी सुई

रेकॉर्डचा संग्रह वाढू लागला, की वाजवायचे यंत्र बदलावे काय, हा प्रश्न येतोच. अमेरिकेतल्या संग्राहकांना तो १९४८ साली पडला. त्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कला एल.पी. तबकडी सादर केली. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, नवी सुमारे ३३.३. म्हणजे वेळ २.३४ पट. शिवाय खाचा बारीक झाल्याने इंचात शंभराच्या जागी सव्वादोनशे मावू लागल्या. गुणाकार करून पाहा : १२ इंची तबकडीच्या एका बाजूची ४ मिनिटे २१ होतात! (वर्गात हे गणित जरूर घालावे.)

मग जुन्याच यंत्राचा वेग कमी केला तर? खरी मेख इथे होती. जुनी तबकडी लाखेची, दगडाची पूड मिसळलेली. ती पोलादी सुईलाच घासून खाचेच्या आकाराची करी. चावीच्या ग्रामोफोनच्या सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार असे. नवी तबकडी मऊ विनाइलची. तिला दहा ग्रॅमहून कमी भार आणि २५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक हवे. ७८ची सुई साधारण ७५ मायक्रॉनची. ती खाचेत नीट उतरत नाही, कडा मात्र खरवडते. विद्यार्थिदशेत आम्ही हा प्रयोग अजाणता केला आणि उसनी आणलेली एल.पी. खरखरीसह परत केली.

फिल्को कंपनीने तेव्हा २९.९५ डॉलरला, घरच्या रेडिओला जोडायचे वेगळे एल.पी. यंत्र काढले. जुने यंत्र मोडीत काढायला नको. आम्हाला हा तोडगा पटतो. कारण बारीक सुईही ७८च्या रुंद खाचेत तळाशी भरकटते.