बैलाचें औषध, गिधाडाचें विष

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टींतील वृद्ध माणसांना गिधाडाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. मेलेलें जनावर गांवाबाहेर नेऊन टाकावें, कांहीं वेळांत आकाशांत घिरट्या सुरू व्हाव्या आणि मागें केवळ पांढरीं हाडें उरावीं, हा वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील खेड्यांचा नित्याचा अनुभव होता. या सफाईबद्दल गिधाडांना कोणी मान दिला नाहीं. जटायूचें दंडकारण्य याच बाजूला होतें असें अभिमानानें सांगणाऱ्या लोकांनींही त्याच्या वंशजांना अपशकुनीच ठरविलें, ही मौजच म्हणावयाची. पुढें १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्या घिरट्या थांबत गेल्या. हा प्रकार केवळ याच जिल्ह्यांत नव्हे, तर साऱ्या देशांत घडला; आणि त्याचें मूळ अखेर सांपडलें तें मनुष्याच्या डोकेदुखीवरील औषधांच्या गोतांत.

या गोताचा मूळपुरुष अ‍ॅस्पिरिन. विलो वृक्षाच्या सालीनें ताप उतरतो, ही माहिती युरोपांत जुनीच होती. १८९७ सालीं जर्मनींतील बायर कारखान्यांत फेलिक्स हॉफमन या रसायनज्ञानें तिच्यांतील द्रव्याशीं नातें असलेलें एक औषध शुद्ध रूपांत तयार केलें व १८९९ सालीं तें ‘अ‍ॅस्पिरिन’ या नांवानें बाजारांत आलें. तें शरीरांत नेमकें काय करतें, हें मात्र पाऊण शतकानें उलगडलें. प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें शरीरांत तयार होतात व त्यांच्यामुळें सूज आणि वेदना वाढतात. अ‍ॅस्पिरिन त्यांची निर्मितीच रोखतें, असें इंग्रज शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. पण हींच द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणजे औषधाचा गुण आणि दोष एकाच मुळापासून निघतात. वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेणाऱ्याच्या जठरांत व्रण होणें, वृद्धांचीं मूत्रपिंडें बिघडणें, हे त्याचेच परिणाम होत. रक्त गोठूं न देण्याचा अ‍ॅस्पिरिनचा गुण हृदयरोग्याला तारक ठरतो. तोच डेंगीच्या तापांत घातक ठरूं शकतो. मुलांना तर विषाणुजन्य तापांत अ‍ॅस्पिरिन देऊंच नये, असें वैद्यकशास्त्र सांगतें.

डायक्लोफिनॅक हें याच घराण्यांतील, १९७० च्या दशकांतील औषध. भारतांत तें स्वस्तांत तयार होऊं लागलें आणि १९९० च्या सुमारास गुरांच्या दवाखान्यांतही शिरलें. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. ऐन हंगामांत बैलाचा गुडघा सुजला, तर धान शेतकऱ्याचें वर्षाचें पोट त्या गुडघ्यावर अवलंबून असतें. एक सुई टोचली कीं बैल उठून उभा राही. मग ती कोण नाकारील?

भरतपूरच्या अभयारण्यांत गिधाडें माना टाकून बसतात आणि पटापट मरतात, हें पक्षिशास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनीं १९९० च्या दशकांत नोंदविलें. प्रथम संशय गेला तो एखाद्या साथीवर. पण मेलेल्या पक्ष्यांच्या यकृतावर व हृदयावर यूरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर आढळे. म्हणजे मूत्रपिंडें निकामी झालेलीं. शेवटीं लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाकिस्तानच्या पंजाबांत या कोड्याचा उलगडा केला. असा थर असलेल्या २५ गिधाडांच्या शरीरांत डायक्लोफिनॅक सांपडलें, आणि तो नसलेल्या १३ पैकीं एकाही पक्ष्यांत तें नव्हतें. हा शोध २००४ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मरणापूर्वीं दोन-तीन दिवसांत सुई टोचलेलें जनावर हें गिधाडांचें विषान्न ठरत होतें. दर हजार मृत जनावरांत असलीं सात-आठ जनावरें असलीं, तरी एवढा संहार होण्यास पुरेसें होतें, असें गणितानें दिसून आलें. कारण एका प्रेतावर शेंकडों गिधाडें उतरतात, आणि मादी तर वर्षाला एकच अंडें घालते. १९९२ पासून २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक उरलीं आणि लांब चोचीचीं शंभरांत तीन.

त्याची किंमत माणसांनींही मोजली. कुजणाऱ्या प्रेतांवर भटकीं कुत्रीं पोसलीं गेलीं, पाणी दूषित झालें. अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनीं २०२४ सालीं मांडलेल्या हिशेबानुसार, गिधाडांच्या अभावीं २००० ते २००५ या काळांत भारतांत सुमारें पांच लाख माणसें अधिक दगावलीं.

गुरांसाठीं डायक्लोफिनॅकवर २००६ सालीं बंदी आली. त्याच वर्षीं मेलोक्सिकॅम हें त्याच कामाचें औषध गिधाडांना निर्धोक असल्याचें सिद्ध झालें. तथापि माणसांसाठीं विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या. म्हणून २०१५ सालीं माणसांची कुपीही ३ मिलिलिटरवर आणावी लागली. किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक गुरांना देण्यावर बंदी येण्यास २०२३ साल उजाडलें. अ‍ॅसिक्लोफिनॅकचें तर गाईच्या शरीरांत डायक्लोफिनॅकच होतें. तेव्हां एवढा विलंब समर्थनीय म्हणतां येणार नाहीं.

गडचिरोलींत गिधाडें समूळ नाहींशीं झालीं नाहींत, हें विशेष. तेथें कुनघाडा परिसरांत वनखात्यानें कुंपण घालून त्यांच्यासाठीं खाद्यस्थान केलें व निर्विष मृत जनावरें तेथें टाकण्याची व्यवस्था केली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पांत, जानेवारी २०२४ मध्यें हरियाणांतील पिंजोरच्या प्रजननकेंद्रांतून पांढऱ्या पाठीचीं दहा गिधाडें आणलीं गेलीं. कांहीं महिने पिंजऱ्यांत ठेवून, अंगावर लहानसें यंत्र बांधून त्यांना मोकळें केलें. त्यांतील एक उडत उडत थेट तामिळनाडूंत पोंचलें. एवढ्या वाटेवर तें कोणत्या गांवच्या मेलेल्या जनावरावर उतरेल, आणि त्या जनावराला शेवटच्या दोन दिवसांत कोणती सुई टोचलेली असेल, हें ताडोबांत बसून कोणालाही ठरवितां येत नाहीं.